साहेब काय बोलले, ते लिहून ठेवा

हे वाचून झालं की घरातली एक वही बाजूला काढा. नवी नको. पोरांच्या गेल्या वर्षीच्या वहीतली कोरी पानं चालतील. पण आजच काढा. आज कुठे तरी कुणी तरी माईकसमोर काही तरी बरळलं असेल. उद्या ते पेपरात येईल. परवा त्यावरून टीव्हीवर भांडणं होतील. आणि पुढच्या आठवड्यात ते वाक्य कुणालाही धड आठवणार नाही. "काही तरी घाण बोलले होते ना ते?" एवढंच उरेल. बोलणारा मात्र तिथेच असेल. तुमच्या शेताच्या पाण्यावर, तुमच्या पोरांच्या शाळेवर, तुमच्या लेकीच्या सुरक्षिततेवर निर्णय घेत.

२०१३ चा उन्हाळा आठवा. बाहत्तरनंतरचा सगळ्यात वाईट दुष्काळ म्हणत होते लोक. टँकर आला की बायका-पोरं हंडे घेऊन धावत होती. उजनी धरणाचं पाणी सोडा म्हणून सोलापूरकडचा एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. एप्रिलमध्ये इंदापूर तालुक्यातल्या एका सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार त्याच्यावर बोलले. धरणात पाणीच नाही तर सोडायचं कुठून, लघवी करायची का, असा त्यांचा सवाल होता. रात्री वीज नसते म्हणून मुलं जास्त जन्माला येतात, असा भारनियमनावरचा विनोदही त्याच भाषणात झाला. समोरचे लोक हसले.

ते हसणंही लिहून ठेवा. तेही त्या भाषणातलंच आहे.

पुढे गदारोळ झाला. त्यांनी माफी मागितली. कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी, दिवसभर आत्मक्लेश केला. हा आत्मक्लेशसुद्धा लिहा, तारखेसकट: १४ एप्रिल २०१३. आता मला एक सांगा. ते वाक्य तुम्हाला आठवलं. माफीही आठवली असेल. पण त्या शेतकऱ्याची मागणी काय होती, किती पाणी मागत होता, कुणासाठी मागत होता, पुढे त्या पाण्याचं काय झालं? सांगता येतं?

खरा धोका इथे आहे. शिवी आपल्याला दुखावते, पण नुकसान ती वेगळ्याच ठिकाणी करते. ती प्रश्न गिळते. पाण्यावर बोलायच्या आठवड्यात आपण जिभेवर बोलत बसतो. आठवड्याभराने जीभ माफी मागून मोकळी होते आणि पाणी होतं तिथेच राहतं. म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं हे: वाक्य लिहायच्या आधी प्रश्न लिहा. पानाच्या वरच्या ओळीत. पाणी. तूर. विमा. मुलीचा नकार. ज्या गोष्टीवर ते बोलत होते, ती गोष्ट आधी. त्यांचं वाक्य तिच्याखाली.

तुरीचंच घ्या. २०१७ मध्ये तूर उदंड पिकली. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल. बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, आणि बारदाना नाही म्हणून काटे बंद. माणसं पोत्यांवर झोपत होती. मे महिन्यात जालन्यात कार्यकर्त्यांशी बोलताना भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे म्हणाले की एवढी तूर घेतली तरी हे रडतातच. आणि शेवटी एक शिवी जोडली. राज्यभर पुतळे जळले, दिलगिरी व्यक्त झाली. १ जूनला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. २०१९ मध्ये दानवे जालन्यातूनच पुन्हा निवडून आले आणि केंद्रात मंत्री झाले. त्यांना मत देणं हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मत देताना किती जणांसमोर ती तारीख, ते वाक्य आणि तो बारदान्याचा घोळ एका कागदावर होता? कागद असता आणि तरी मत दिलं असतं, तर ते डोळे उघडे ठेवून दिलेलं मत. कागदच नव्हता.

तुम्ही तो कागद व्हा.

तुमच्यातले कितीतरी जण रोज डेअरीला दूध घालतात. लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती, सकाळची पाळी की संध्याकाळची, सगळं कार्डावर उतरवून घेता. डेअरीवाला ओळखीचा आहे, भावकीतला आहे, तरी उतरवून घेता. त्यात त्याचा अपमान नसतो. दहा दिवसांनी हिशेब होतो तेव्हा कुणी आवाज चढवत नाही. नेत्याच्या बोलण्याचं कार्ड का नको?

आणि हे कुणाच्या विरोधात नाही, हे मनाशी पक्कं करा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा हिशेब वहीत चालणार नाही. तुम्ही ज्यांच्या सभेला टोपी घालून जाता, त्यांचंही लिहा. त्यांचं आधी लिहा. एकाच पक्षाच्या चुकांची वही ही वही नसते, ते प्रचाराचं पत्रक असतं, आणि ते दुसऱ्या बाजूचा कुणी उघडूनही पाहणार नाही. वाह्यात बोलण्याला पक्ष नाही. २०१३ मध्ये दारिद्र्यरेषेवरून देशात वाद चालू होता, तेव्हा काँग्रेसचे राज बब्बर म्हणाले की मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळतं. त्यांच्याच पक्षाचे रशीद मसूद यांनी दिल्लीत ते पाच रुपयांवर आणलं. मुंबईत डबे करून पोट भरणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही की ताई, १२ रुपयांत तुम्ही काय काय घालता डब्यात.

आता लेकीबाळींचं. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायला हवं.

एप्रिल २०१४ मध्ये मुंबईत शक्ती मिल बलात्कार प्रकरणात तिघांना फाशीची शिक्षा झाली. त्यानंतर काही दिवसांतच मुरादाबादच्या सभेत समाजवादी पक्षाचे मुलायमसिंह यादव म्हणाले की मुलं आहेत, मुलांच्या हातून चुका होतात, म्हणून काय फाशी द्यायची? २०१८ च्या दहीहंडीला घाटकोपरमध्ये भाजपचे आमदार राम कदम यांनी व्यासपीठावरून पोरांना शब्द दिला: मुलगी नाही म्हणाली तर आई-वडिलांना घेऊन या, त्यांना पसंत असेल तर मी ती पळवून आणून तुम्हाला देतो. त्यांनीही नंतर माफी मागितली, आणि पुढच्या वर्षी तिथूनच पुन्हा निवडून आले. २०२१ मध्ये गोव्यात बाणावलीच्या किनाऱ्यावर दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाला. विधानसभेत मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले की चौदा वर्षांची मुलं रात्रभर किनाऱ्यावर राहतात तेव्हा आई-बापांनीही विचार करायला हवा. टीका झाल्यावर, माझ्या बोलण्याचा संदर्भ सोडून अर्थ काढला, असं ते म्हणाले.

तुमच्या घरात आठवी-नववीतला मुलगा आहे? तो हंडीला जातो. वरच्या थराकडे बघतो आणि माईकवरचंही ऐकतो. तुम्ही त्याला घरी शिकवता की मुलीचं नाही म्हणजे नाही. तिथे आमदार उलटं शिकवतात, लाउडस्पीकरवरून, टाळ्यांच्या गजरात. तुमचं शिकवणं कमी पडू नये असं वाटत असेल तर त्याला शेजारी बसवा आणि त्याच्याच हाताने ते वाक्य वहीत लिहवून घ्या. वर प्रश्न लिहवून घ्या: मुलीने नकार दिला तर काय करायचं? दोन ओळींत त्याला फरक दिसेल. भाषण देऊ नका. लिहवून घ्या, बस्स.

कायदा आहे की, कोर्ट आहे, आयोग आहे, आपण कशाला, असं म्हणू नका. कोर्टाची गोष्ट सांगतो. २०१६ मध्ये उत्तर प्रदेशात बुलंदशहरजवळ महामार्गावर एका कुटुंबाची गाडी अडवून आई आणि मुलीवर बलात्कार झाला. राज्याचे तेव्हाचे मंत्री आझम खान यांनी त्यात राजकीय कट असल्याची शंका बोलून दाखवली. घरातला कर्ता माणूस त्या वाक्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या माणसाची कल्पना करा. घरावर असा प्रसंग, आणि तो मंत्र्याचं वाक्य घेऊन दिल्लीत उभा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंत्र्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. वाक्य पकडून ठेवलं, म्हणून मागावी लागली. पण त्याच प्रकरणातून निघालेल्या मोठ्या प्रश्नावर घटनापीठाने ३ जानेवारी २०२३ ला बहुमताने सांगितलं की मंत्र्याचं बोलणं आपोआप सरकारच्या माथी मारता येणार नाही. म्हणजे मंत्री बोलला तर सरकार म्हणणार, ते त्यांचं वैयक्तिक मत. मग जबाबदार धरायचं कुणी? तुम्हीच उरलात.

निवडणूक आयोगाचंही बघा. एप्रिल २०१९ मध्ये प्रचारातल्या बोलण्यावरून योगी आदित्यनाथ, मायावती, आझम खान आणि मनेका गांधी यांना आयोगाने प्रचारबंदी केली. कुणाला ४८ तास, कुणाला ७२. मग पुन्हा माईक.

तरीही, जपून ठेवलेलं वाक्य कुठवर पोहोचतं हे या राज्याने पाहिलं आहे. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक. प्रचारातली बाळासाहेब ठाकरे यांची भाषणं तारखांसकट न्यायालयापुढे गेली. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, आणि पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. यात योग्य काय नि अयोग्य काय यावर अजूनही घराघरात वाद होतात. होऊ द्या. पण कुणाला असं म्हणता आलं नाही की असं काही बोललंच गेलं नव्हतं.

आज तसं म्हणणं फार सोपं झालंय. सावध राहा. आता कुणाचाही आवाज मशीनवर बनवता येतो. त्यामुळे दोन चोर एकदम सुटतात. एक, खोटी क्लिप बनवून भल्या माणसाला बदनाम करणारा. दुसरा, खरं बोलून "ही क्लिप बनावट आहे" म्हणणारा. तुम्ही ग्रुपवर आलेली क्लिप पुढे ढकलता तेव्हा या दोघांनाही मदत करता. रागाने ढकलली तरी मदतच करता. थांबा. ढकलू नका. ती कुणी काढली ते विचारा. काढणाऱ्यापर्यंत पोहोचा.

आणि सभेला तुम्ही स्वतः असाल तर स्वतः रेकॉर्ड करा. मधलं नाही, मागचं-पुढचं सगळं. माणूस कशावरून त्या वाक्यावर आला, ते आलं पाहिजे. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. कापू नका, वर गाणं लावू नका, बाण-वर्तुळं काढू नका. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ही मूळ नव्हे. पाठवताना ती बारीक होते, तिच्यातली माहिती झडते. टेपवरचं भाषण पुरावा म्हणून चालायचं तर आवाज कुणाचा हे ओळखता आलं पाहिजे आणि त्यात फेरफार झालेला नाही हे दाखवता आलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका निवडणूक खटल्यात १९७५ मध्येच सांगून ठेवलंय. मूळ यंत्र समोर नसेल आणि नुसती प्रत दाखवायची असेल तर प्रमाणपत्र लागतं, हे २०२० मध्ये पक्कं झालं, तेही आपल्या जालन्यातल्या खटल्यावरून. अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले होते, आणि वाद होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओंचा. तेव्हा फोन बदलायचा झाला तर जुना एक्स्चेंजला देण्याआधी विचार करा.

लोकसभा-विधानसभेची आचारसंहिता लागली की निवडणूक आयोगाचं तक्रारीचं सी-व्हिजिल ॲप चालू असतं. त्यात जुनी क्लिप चढवता येत नाही, जागेवरच काढावी लागते. म्हणून सभेला जाण्याआधी ॲप घेऊन ठेवा. सभागृहात कुणी काय बोललं, ते मात्र वेगळ्या पानावर. तिथल्या बोलण्यावर कोर्टात जाता येत नाही, आणि अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेले शब्द छापले तर विशेषाधिकारभंगाचं प्रकरण होऊ शकतं. तेवढं जपा.

फोन नसेल तर काही अडत नाही. कान आहेत, पेन आहे. तारीख लिहा. गाव लिहा, कार्यक्रम कोणता ते लिहा. मराठीत बोलले की हिंदीत, तेही. वाक्य जसंच्या तसं आठवत असेल तरच अवतरणात घाला. नाही तर "अशा अर्थाचं" म्हणून लिहा आणि शेजारी अजून कुणी ऐकलं त्याला विचारा. नेत्याच्या तोंडी एकही शब्द आपल्या पदरचा घालू नका. एक शब्द घातलात तर सगळी वही खोटी पाडायला तेवढा पुरेल. आणि खाली जागा सोडा. बरीच सोडा. नंतर ते काय म्हणाले, ते तिथे येणार आहे: विपर्यास केला, जीभ घसरली, भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी. किंवा खरी माफी.

कारण कधी कधी वाक्याची किंमतही मोजावी लागते. २६/११ नंतर आर. आर. पाटील हिंदीत, मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात, अशा अर्थाचं वाक्य बोलले. त्यांना उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखातं सोडावं लागलं. ग्रामस्वच्छता अभियानाने गावं झाडून काढणारे आर. आर. आबा तेच, आणि ते वाक्यही त्यांचंच. वहीत दोन्ही येऊ द्या. एका वाक्याने माणूस मोजायचा नाही आणि त्याच्या चांगल्या कामाखाली वाक्य पुरायचंही नाही. तुम्ही घरात, भावकीत हे रोजच करता, इथेही जमेल.

वेळ का नाही, ते सांगतो. तालुक्याच्या पानावरची बातमी इंटरनेटवर फारशी येतच नाही. ती बहुतेक कागदावरच असते, आणि कागद महिनाअखेरीला रद्दीत जातो. गावच्या वाचनालयातले जुने अंकही कपाटात जागा नाही म्हणून विकले जातात. जिल्हा परिषदेचा सदस्य, नगरसेवक, बाजार समितीचा सभापती, यांची मुक्ताफळं मोठ्या चॅनलवर येत नाहीत. ती फक्त तुम्ही ऐकलेली असतात. उद्या हाच सदस्य आमदार होतो, आमदार मंत्री होतो. तेव्हा आपण म्हणतो, हे असं कसं बोलले! ते दहा वर्षं असंच बोलत होते. कुणी उतरवून घेतलं नव्हतं. या महिन्याची रद्दी द्यायच्या आधी कात्री घ्या. वाचनालयाच्या ग्रंथपालांना भेटा, निदान तालुक्याची पानं ठेवा म्हणून गळ घाला. घरात कुणी निवृत्त शिक्षक असतील तर त्यांच्याकडे सोपवा. सकाळचा पेपर ते तसंही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

बाईला दिलेली शिवी वहीत राहू द्या, पण चौकात आणि ग्रुपवर फिरवू नका. जिला दिली, तिच्या घरीही मुलं आहेत.

आणि ही अलीकडची नोंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे म्हणाले की हल्ली भिकारीही एक रुपया घेत नाही, आम्ही मात्र एका रुपयात पीकविमा देतो. जुलैमध्ये सभागृहात त्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसल्याचा व्हिडिओ आला. मी खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. महिना संपता संपता कृषी खातं गेलं, क्रीडा खातं आलं. यावर विनोद किती झाले! तुम्हीही दोन-चार पाठवले असतील. पण वहीच्या वरच्या ओळीत काय लिहाल? पीकविमा. २०२३ च्या खरिपात सुरू झालेली एक रुपयाची योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याच्या खिशातून. पत्त्यांचा व्हिडिओ गावात सगळ्यांना आठवतो. हप्ता कधीपासून आणि का भरावा लागला, हे विचारून बघा किती जणांना सांगता येतं.

म्हणून उशीर करू नका. तुमच्या गल्लीत चार घरं तयार करा. प्रत्येक घराने एक नेता घ्यावा, आणि शक्यतो स्वतःच्या पक्षाचा. महिन्यातून एकदा वह्या एकमेकांना दाखवा, चुकलेली तारीख दुरुस्त करा. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेल्या मुलाला पानांचे फोटो पाठवा, म्हणजे वही भिजली तरी नोंद राहील. सोसायटीत राहत असाल तर सोसायटीत करा. महिला बचत गटात करा, तिथे हिशेबाची वही लिहायची सवय आहेच.

मग निवडणूक येईल. उमेदवार दारात येईल, हात जोडेल, आजीच्या पाया पडेल. त्याला बसवा. पाणी द्या, चहा टाका. आवाज चढवू नका, मोबाइल त्याच्या तोंडासमोर नाचवू नका. वही उघडा आणि विचारा: "दादा, अमुक तारखेला अमुक गावात तुम्ही हे बोललात. तेव्हा प्रश्न पाण्याचा होता. पाण्याचं पुढे काय केलंत?" ते काय उत्तर देतात, ते त्यांच्यासमोरच खाली सोडलेल्या जागेत लिहा. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, बरोबर आहे का विचारा, आणि आजची तारीख टाका.